खापरपणजीच्या मागावर: साउथ कॅरोलायना ते सिएरा लिओन

माझे माहेर रायगड जिल्ह्यातल्या पेणजवळच्या खारेपाटातले आणि सासर अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या सेंट हेलेना बेटावरचे. सासरची मंडळी गला-गीची समाजातली आहेत, म्हणजे या किनाऱ्यावरच्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. सासूबाईंचा जन्म १९४८चा. आपल्या आईच्या बाजूची पहिली बाई आफ्रिकेतून नेमकी कुठून आणली गेली ते शोधायचे आणि हातपाय धड आहेत तोवर तिथे एकदा जाऊन यायचे, असे त्या वर्षानुवर्षे बोलून दाखवत होत्या. २०२१च्या मार्चमध्ये आम्ही या कामाला हात घातला आणि २०२५च्या जानेवारीत सासूबाई, माझा नवरा आणि मी असे तिघे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशात जाऊन आलो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये अशा घरांत सून वा जावई म्हणून गेलेली मराठी माणसे आता थोडी नाहीत. त्यांच्यापैकी कोणाला हा शोध घ्यायचा असेल, तर काय करावे लागते, किती थांबावे लागते आणि मनाची काय तयारी ठेवावी लागते, ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

डीएनए चाचणीने सुरुवात करू नका, कागदांपासून सुरुवात करा, असे बेटावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने सांगितले होते आणि तो सल्ला आम्ही मानला. साउथ कॅरोलायनात मृत्यूची सरकारी नोंद १९१५पासून होते आणि त्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावे असतात. सासूबाईंच्या आजीच्या दाखल्यावरून पणजीचे नाव पक्के झाले, आणि पणजीच्या दाखल्यावरून खापरपणजीचे. त्यापुढे जनगणना. १८९०च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १९२१च्या आगीत गेली, त्यामुळे १९००वरून थेट १८८०वर उडी मारावी लागते. १८७०ची जनगणना ही तर या समाजासाठी सीमारेषाच आहे, कारण गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावे देशाच्या शिरगणतीत पहिल्यांदा तिच्यात आली. तिच्या आधीच्या १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांमध्ये मालकाचे नाव असते आणि त्याच्याखाली फक्त वय, लिंग आणि रंग. सासूबाई त्या याद्या पाहत असताना आम्ही कोणीच बोलत नव्हतो.

१८८०च्या जनगणनेत मात्र एक अशी नोंद मिळाली की पुढचा सगळा प्रवास तिच्यावर उभा राहिला. खापरपणजीच्या घरात तिची वृद्ध आईही राहत होती, वय ६५. त्या वर्षी प्रत्येक व्यक्तीच्या आईवडिलांचे जन्मस्थान विचारले गेले होते आणि या म्हातारीच्या आईच्या रकान्यात ‘आफ्रिका’ असे लिहिलेले होते. देश, गाव, जमात काही नाही. हिशेब केला तर ती आई १७९०च्या आगेमागे जन्मलेली असणार आणि १८०८च्या आधी अमेरिकेत आलेली असणार, कारण १ जानेवारी १८०८पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर कायद्याने बंदी आली. तिच्या आधीच्या चार वर्षांत साउथ कॅरोलायनाने हा व्यापार पुन्हा खुला केला होता आणि एकट्या चार्ल्स्टन बंदरात सुमारे ४०,००० माणसे उतरवली गेली. ती त्यांच्यातलीच एक असावी, असे आम्ही मानतो. सिद्ध करू शकत नाही.

खापरपणजीचा नवरा यादवी युद्धात ३४व्या कृष्णवर्णीय पलटणीत होता. १८६३च्या जूनमध्ये, स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या सोबतीने झालेल्या कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात सातशेहून अधिक गुलाम सुटले आणि त्यांतले अनेक पुरुष याच पलटणीत भरती झाले. सैनिकाच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळत असे, म्हणून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे त्या फायलीची नक्कल मागितली. शुल्क ८० डॉलर भरले. महासाथीमुळे तिथले काम रखडलेले होते, त्यामुळे फाइल यायला वर्ष उलटले. ज्यांच्या घराण्यात असा सैनिक असेल त्यांनी ही फाइल सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे आपण त्या सैनिकाची बायको होतो हे सिद्ध करायला या विधवांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी काढाव्या लागत. त्या साक्षींत कोण कोणाच्या मळ्यावर होते, कोणाची मुले कधी जन्मली, कोणाला विकले गेले, हे सगळे येते. आमच्या फाइलमध्ये खापरपणजीची स्वतःची जबानी होती, खाली सहीऐवजी फुलीचे चिन्ह होते, आणि तिच्यात तिने मालकाचे व आईचे नाव सांगितले होते.

मालकाचे नाव कळल्यावर साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया इथल्या राज्य अभिलेखागारात जाऊन त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी काढली. ती १८५०च्या दशकातली. बैल, होड्या, नांगर, भाताचे कणगे आणि माणसे अशी एकामागून एक. त्यांत खापरपणजीच्या आईचे नाव होते, तिच्यापुढे डॉलरमधली किंमत होती आणि लगेच खाली तिच्या मुलीचे नाव. सासूबाईंनी त्या पानावर काचेवरून बोट फिरवले, फोटो काढायला सांगितले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. अशा दिवशी संशोधनाचा दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका. माणसाला घरी जायचे असते.

इथवर आल्यावर आम्ही डीएनए चाचणी केली. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा आणि टपालाने पाठवायचा. आईकडून आईकडे जाणारा वंश तपासणाऱ्या या चाचणीला सुमारे ३०० डॉलर पडले आणि निकाल दीड-दोन महिन्यांनी आला. सासूबाईंचा मातृवंश सिएरा लिओनच्या मेंडे लोकांशी जुळतो, असे त्यात म्हटले होते. त्या रात्री घरात फोन थांबत नव्हते. पण ही चाचणी नेमके काय सांगते हे समजून घेतले पाहिजे. ती फक्त आईची आई, तिची आई, अशी एकच सरळ रेघ तपासते. शेकडो पूर्वजांपैकी बाकीच्यांबद्दल ती गप्प असते. शिवाय ही जनुकीय खूण शेजारच्या अनेक जमातींत सापडू शकते, आणि आजच्या मेंडे माणसांशी मेळ बसला म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची ती बाई मेंडेच होती असे ठरत नाही. कंपनीने पाठवलेल्या सुबक प्रमाणपत्रावर मात्र यातले काही नव्हते. २०२३च्या जूनमध्ये चार्ल्स्टनला आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय सुरू झाले, ज्या गॅड्सडेन धक्क्यावर जहाजांतून माणसे उतरवली जात त्याच जागी. तिथल्या कौटुंबिक इतिहास केंद्रात आम्ही सप्टेंबरमध्ये सगळे कागद घेऊन गेलो, तेव्हा सिद्ध झालेले एका वहीत आणि संभाव्य ते दुसऱ्या वहीत, अशी विभागणी करायला आम्हाला सांगण्यात आले. पुढे या दोन वह्यांचा फार उपयोग झाला.

सिएरा लिओन संभाव्य वाटायला चाचणीखेरीजही कारणे होती. साउथ कॅरोलायनाची श्रीमंती भातावर उभी राहिली आणि भात पिकवण्याचे ज्ञान मळेवाल्यांकडे नव्हते. ते सेनेगलपासून लायबेरियापर्यंतच्या किनाऱ्यावरच्या माणसांकडे होते, म्हणून त्या पट्ट्यातल्या गुलामांना चार्ल्स्टनमध्ये जास्त मागणी असे. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन, तिच्याजवळच्या बन्स बेटावरच्या किल्ल्यातून अठराव्या शतकाच्या मध्यापासून जहाजे भरून माणसे इकडे पाठवली गेली. त्या किल्ल्याचा लंडनमधला मालक रिचर्ड ऑस्वाल्ड आणि चार्ल्स्टनचा त्याचा दलाल हेन्री लॉरेन्स ही नावे कागदोपत्री आहेत, आणि हेच दोघे १७८२मध्ये ब्रिटन व अमेरिकेच्या तहाच्या बोलण्यांत समोरासमोर बसले होते. १७५६मध्ये ‘हेअर’ या जहाजातून आणलेल्या दहा वर्षांच्या प्रिसिला या मुलीचा वंश तर कागदांनी अखंड जोडता आला आहे, आणि तिची वंशज थॉमालिंड मार्टिन पोलाइट २००५मध्ये सिएरा लिओनला जाऊन आली. इतकी सलग साखळी फार क्वचित मिळते, आमची तशी नाही.

मला स्वतःला हा धागा भाताच्या बाजूने भिडला. कॉम्बाही नदीकाठच्या जुन्या खाचरांत आजही बांध आणि पाणी आत-बाहेर सोडायच्या लाकडी झडपा दिसतात. भरतीचे खारे पाणी अडवायचे आणि गोडे पाणी राखायचे, हे आमच्या खारेपाटातल्या उघाडीचेच काम. ते बांध कोणी, कशा चिखलात उभे राहून घातले असतील, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

प्रवासाची तयारी २०२४च्या ऑगस्टमध्ये सुरू केली. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा हंगाम असतो आणि खेड्यांतल्या रस्त्यांसाठी तोच सोयीचा. व्हिसा ऑनलाइन काढला, प्रत्येकी ८० डॉलर. याखेरीज विमानतळाचे सुरक्षा शुल्क येताना २५ आणि जाताना २५ डॉलर वेगळे भरावे लागते, तेही आधी ऑनलाइन भरून पावती छापून ठेवणे बरे. ब्रुसेल्समार्गे तिकिटे प्रत्येकी सुमारे १,६०० डॉलरना पडली.

सगळ्यात जास्त काळजी पीतज्वराच्या लशीची होती. देशात शिरायला तिचे पिवळे प्रमाणपत्र लागते, लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. मात्र साठीपुढच्या माणसांत या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते आणि सासूबाई शहात्तरीच्या. प्रवासवैद्यकाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या औषधांची यादी पाहून लस न देण्याचा निर्णय घेतला आणि पिवळ्या पुस्तिकेतल्या वैद्यकीय सवलतीच्या पानावर सही-शिक्का करून, शिवाय दवाखान्याच्या कागदावर वेगळे पत्र दिले. असे पत्र स्वीकारायचे की नाही हे त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती असते, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणून आम्ही दूतावासाला ईमेल लिहून विचारून घेतले आणि आलेले उत्तर छापून त्या पत्राला जोडले. घरातली वडील माणसे नेणार असाल तर या एका कामाला तीन महिने तरी हाताशी ठेवा. मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परत आल्यावर आठवडाभर घ्यायच्या होत्या. तातडीच्या वेळी विमानाने हलवण्याची सोय असलेला विमा काढला. डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा बरोबर घेतल्या, कारण कार्ड फारसे चालत नाही.

लुंगी विमानतळ खाडीच्या एका तीरावर आणि फ्रीटाऊन दुसऱ्या तीरावर आहे. आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी सासूबाईंची पुस्तिका एका अधिकारी बाईंनी उलटसुलट पाहिली, वरिष्ठांना बोलावले, आम्हाला बाजूला बसवले आणि बऱ्याच वेळाने शिक्का मारून परत दिली. कशासाठी आलात असे त्यांनी विचारले, तेव्हा सासूबाईंनी सगळी हकीगत सांगितली. त्या बाईंनी उठून त्यांचा हात धरला आणि घरी आलात, असे म्हणाल्या. पलीकडे न्यायला जलद बोट असते, माणशी ४५ डॉलर. रात्रीच्या अंधारात सामान उचलून देणारे बरेच जण पुढे येतात, तेव्हा आपली पिशवी कोणाकडे आहे ते पाहत राहावे.

फ्रीटाऊनमध्ये पहिले दोन दिवस विश्रांती आणि राष्ट्रीय संग्रहालय एवढेच ठेवले. संग्रहालयाशेजारचा शेकडो वर्षांचा सावरीचा प्रचंड वृक्ष २०२३च्या मेमध्ये वादळात कोसळला, त्याचा बुंधा तेवढा दिसला. फूरा बे कॉलेजातल्या सरकारी अभिलेखागारात गुलामांच्या नोंदवह्या आहेत असे ऐकून अनेक जण तिथे धाव घेतात. त्या वह्या ब्रिटिश आरमाराने १८०८नंतर जहाजांवरून सोडवून फ्रीटाऊनला उतरवलेल्या माणसांच्या आहेत. अमेरिकेत पोचलेल्यांची नावे त्यांत मिळणार नाहीत. आमच्यासारख्यांनी तो वेळ दुसरीकडे द्यावा.

बन्स बेट फ्रीटाऊनपासून नदीमुखात सुमारे ३० किलोमीटर आत आहे. ते १९४८पासून संरक्षित राष्ट्रीय स्मारक आहे, त्यामुळे आधी स्मारकांची देखभाल करणाऱ्या सरकारी आयोगाची परवानगी घ्यायची, शुल्क भरायचे आणि पावती बरोबर ठेवायची. बोट दिवसभरासाठी ठरवली, वाटाड्यासह सुमारे ३०० डॉलर. अंगात घालायची लाइफ जॅकेटे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बेटावर नीट धक्का नाही, त्यामुळे भरतीच्या वेळी पोचणे आवश्यक. ओहोटीला दगडांवरून चिखलातून चढावे लागते आणि वयस्कर माणसाला ते झेपणारे नाही. वाटेत टासो बेटाशी थांबून तिथल्या प्रमुखांना भेटलो. नावाड्यांचे क्रिओ, म्हणजे इंग्रजीवर आधारलेली आणि सासूबाईंच्या गला बोलीशी मिळतीजुळती तिथली भाषा, सासूबाईंना बरेचसे कळत होते आणि तासाभराच्या प्रवासात त्यांच्या गप्पा दुभाष्यावाचून रंगल्या.

बेट जेमतेम अर्धा किलोमीटर लांब आहे. फ्रेंच हल्ल्यांनंतर पुन्हा उभारलेल्या किल्ल्याच्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या आहेत, ब्रिटिश राजाची मुद्रा असलेल्या तोफा गवतात पडल्या आहेत. मधोमध गोऱ्या अधिकाऱ्यांचे दुमजली घर होते. त्याच्या मागच्या खिडक्या थेट पुरुषांना डांबून ठेवायच्या अंगणावर उघडत, आणि बायका-मुलांचे अंगण लागूनच, वेगळे. याच बेटावर दोन खळग्यांचे गोल्फचे मैदान होते आणि गुलामांना स्कॉटिश चौकड्यांची वस्त्रे नेसवून खेळाडूंच्या मागे धावायला लावत, असे त्या काळच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. मी हे आधी वाचले होते, तरी ती जागा डोळ्यांनी मोजल्यावर, घर आणि अंगण यांत किती थोडी पावले आहेत हे पाहिल्यावर, मला नीट श्वास घेता येईना. सासूबाई बायकांच्या अंगणात भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागदांत सापडलेली नावे एकेक करून मोठ्याने उच्चारली, शेवटी जिचे नाव माहीत नाही तिच्यासाठी थांबल्या, आणि मग रडल्या. ती बाई याच किल्ल्यातून गेली असे आम्ही म्हणू शकत नाही, या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापाराची गालिनाससारखी आणखीही ठाणी होती. वाटाड्याने तेच प्रामाणिकपणे सांगितले आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला. या भेटीनंतर आम्ही पुढचा दिवस मोकळा ठेवला होता, त्याची गरज होतीच.

मेंडे मुलूख दक्षिणेला आणि पूर्वेला आहे. चालकासह गाडी दिवसाला १०० डॉलर, डिझेल वेगळे. बो शहरापर्यंतचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता चांगला आहे, त्यापुढे लाल मातीचा. ज्या खेड्यात गेलो त्याचे नाव देत नाही, कारण तेच आमचे मूळ गाव असल्याचा कोणताही पुरावा नाही आणि तिथल्या लोकांच्या दारात माझ्यामुळे गर्दी होऊ नये. बोमधल्या एका शिक्षकाने आठवडाभर आधी निरोप पाठवला होता. खेड्यात शिरल्यावर आधी गावप्रमुखाकडे जायचे, कोलाच्या बिया आणि पाकिटात थोडी रक्कम भेट म्हणून ठेवायची, आपण कोण आणि का आलो ते सांगायचे, आणि मगच बाकी सगळे. फोटोसुद्धा त्यानंतर, विचारून. बैठकीच्या आरंभी इमामांनी दुआ मागितली आणि लगेच पाद्रींनी प्रार्थना केली. सासूबाईंनी संभाव्य वहीतला मजकूर तसाच्या तसा सांगितला: आमच्याकडे एवढेच आहे, आम्ही जमीन मागायला किंवा नाते लादायला आलेलो नाही. प्रमुखांनी बराच वेळ सल्लामसलत करून उत्तर दिले की ज्या मुलीला इथून नेले तिच्या घरचे तिची वाट पाहून गेले असतील, तेव्हा तिच्या वतीने आलेल्या बाईला आम्ही बसवून घेऊ.

त्यानंतरची दुपार बायकांच्या अंगणात गेली. कापणी होऊन भात वाळलेला होता. दोघीजणी उखळात आळीपाळीने मुसळ घालत होत्या, तिसरी पसरट विणलेल्या सुपाने पाखडत होती. सासूबाईंनी ते सूप मागून घेतले आणि लहानपणी आजीकडे शिकलेल्या हाताने पाखडायला सुरुवात केली, तसा सगळ्या बायकांनी एकच गलका केला. मग मलाही बसवले. मला माहेरची सवय, म्हणून मीही पाखडले, आणि ही कुठली, असे त्या दुभाष्याला विचारू लागल्या. जेवायला कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात होता. निघताना आम्ही गावाच्या शाळेसाठी काही रक्कम दिली. ती एखाद्या व्यक्तीच्या हाती न देता प्रमुख आणि मुख्याध्यापक दोघांसमोर, लिहून दिली. अशा भेटींत पैशांची मागणी होते, कधी फार अडवून होते. रक्कम आधी ठरवून ठेवली आणि सगळ्यांसमक्ष दिली तर मन दुखावत नाही.

परत आल्यावर सासूबाई काही आठवडे फार थकल्या होत्या आणि कमी बोलत होत्या. त्यांचा मुलगा घाबरला, मला मात्र ते स्वाभाविक वाटले. एकूण खर्च तिघांचा मिळून ११,००० डॉलरच्या आसपास गेला, त्यात कागदांचा आणि चाचणीचा भाग हजाराच्या आतच.

खापरपणजीच्या फाइलमध्ये साक्ष देणाऱ्यांत तिच्या एका भावाचे नाव आहे आणि तोही ३४व्या पलटणीतच होता. त्याच्या निवृत्तिवेतनाच्या फाइलचीही नक्कल आम्ही मागवली आहे. भावंडांच्या फायलींत आजीचे नाव निघते, कधी ती कुठल्या जहाजाने आली याची घरात ऐकलेली गोष्टही निघते, असे चार्ल्स्टनच्या केंद्रात सांगितले होते. त्याचबरोबर गुलामीतून मुक्त झालेल्या माणसांसाठी काढलेल्या बँकेच्या १८६५ ते १८७४च्या नोंदवह्या सासूबाई स्वतः पाहत आहेत, कारण खाते उघडताना तिथे आईवडील, भावंडे आणि जुना मालक विचारून लिहून घेत असत. सेंट हेलेनाजवळच्या बोफर्ट गावातल्या शाखेची वही त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचली आहे.